अप्पांची पँट

काल म्हैसूरच्या त्याच मोठ्या हॉटेलात लेक फाटकी जीन्स घालून शिरली आणि दारवानाने तिला सलाम ठोकला. आत टेबलावरच्या नॅपकिनला ताज्या इस्त्रीचा दमट वास येत होता, माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या दुकानातला. माझं जेवण तिथेच संपलं.

तरुणपणी याच दारात मला अडवलं होतं. अप्पांनी शिवलेल्या पँटी जुनाट वाटायच्या, म्हणून मित्राची जीन्स घालून गेलो होतो. "जीन्स इल्ला सार," म्हणत दारवानाने दार लोटून घेतलं. आत बंगळूरचे साहेब मला जेवता जेवता पारखणार होते. दोन वर्षं बेकार होतो, आणि हातात अर्धा तास होता.

घर लांब, सरस्वतीपुरमला. धावत जवळच्याच अप्पांच्या शिलाईच्या दुकानात गेलो आणि टांगलेली एक पँट ओढली. अप्पांनी हात धरला. "गिऱ्हाइकाचं अंगाला लावायचं नाही."

मी रडकुंडीला आलो. तेव्हा त्यांनी पंचा गुंडाळून स्वतःची पँट उतरवली. ती मला ढगळ झाली, म्हणून माझ्या अंगावरच धावदोरा घालून कंबर आवळली. "सुम्मने, गप उभा राहा, सुई लागेल." माझी जीन्स त्यांच्या पोटावर चढणारी नव्हती.

नोकरी मिळाली नाही. तोंड दाखवायची लाज वाटून मी दिवस मावळेपर्यंत तळ्याकाठी बसलो.

परतलो तेव्हा अप्पा मशीनमागे पंच्यावरच होते. माप द्यायला आलेल्यांना बसल्या जागेवरून "उद्या या" सांगत होते. नोकरीचं त्यांनी विचारलंच नाही, याचा तेव्हा मला राग आला.

एवढंच म्हणाले, "आधी पँट दे रे. दुपारपासून लघवीला उठलो नाही."