चंद्र पळत नाही

"ते सगळं ठीक आहे हो, पण अंधारात काय?"

बुधवार पेठेतल्या निम्म्या दुकानांत मी हे वाक्य ऐकलेलं आहे आणि प्रत्येक वेळी म्हणणारा माणूस तोच होता, माझा ऑफिसातला सहकारी. दोन्ही कोपरं काउंटरवर, उजवा पाय सारखा हलतोय, आणि समोर मांडलेल्या कॅमेऱ्यांकडे तो असा बघतोय की त्यातल्या एकाने तरी पुढे होऊन उत्तर द्यावं. दुकानदार झूम सांगे, मेगापिक्सेल सांगे, वॉरंटी सांगे. यांचं आपलं एकच, पण अंधारात काय? एकदा एका दुकानदाराने वैतागून विचारलं, "मग दुकानातले दिवे घालवू का?" हे म्हणाले, "घालवा ना. निदान निम्मे तरी." तो उपरोधाने बोलला होता, हे शप्पथ सांगते, त्यांच्या लक्षातही आलं नाही.

शनिवार पेठेतल्या आमच्या पतसंस्थेत ते माझ्या शेजारच्या टेबलावर होते. होते म्हणायचं एवढंच, बसलेले फार क्वचित. खिडकीपाशी जा, घड्याळाखाली उभे राहा, पुन्हा टेबलाशी येऊन पेनाची टोपणं नीट लावा. असा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल, आणि तुम्हीही त्याला "अहो, बसा की जरा" म्हणून थकला असाल. थंडीच्या दिवसांत तर पाच वाजायच्या आधीपासूनच त्यांची घालमेल सुरू व्हायची. पिशवी उचलायची, ठेवायची. बाहेरच्या उन्हाकडे बघायचं. "निघतो मी," म्हणत कुणाच्याही उत्तराची वाट न पाहता जायचं. बायकोच्या धाकात आहेत, असा आमच्या ऑफिसचा एकमताने झालेला निकाल होता. आमच्या ऑफिसात एवढं एकमत दुसऱ्या कशावर झाल्याचं मला आठवत नाही.

खरं कारण मला एका ऑडिटच्या दिवशी कळलं. काम लांबलं, बाहेर दिवे लागले. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही स्वारगेटकडेच जाता ना? मी येऊ का बरोबर?" जिना उतरताना त्यांनी माझ्या पर्सचा पट्टा घट्ट धरला. रस्त्यावर आल्यावरही सोडला नाही. मी जरा चमकले. तेव्हा ते खाली मान घालून म्हणाले, "मला दिसत नाहीये हो. संध्याकाळ झाली की काहीच दिसत नाही."

डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता तो, तरुणपणापासूनचा. अंधार पडला की सगळं बंद. दिवसा दिसे, पण नळीतून बघावं तसं, समोरचं तेवढंच, कडेचं नाही. ती नळी वर्षावर्षाने अरुंद होत चालली होती आणि त्यावर औषध नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. स्वारगेट येईपर्यंत त्यांनी हे सगळं मला सांगितलं, अगदी बदलीची ऑर्डर वाचून दाखवावी तशा आवाजात. मग बसथांब्यावर उभं राहून म्हणाले, "मला एक कॅमेरा घ्यायचाय. तुम्ही येता का बघायला? दुकानातल्यांना माझं म्हणणंच समजत नाही."

त्यांची मुलगी खो-खो खेळायची. चांगली खेळायची, जिल्ह्याच्या संघात होती. पण खो-खोचा सराव संध्याकाळी आणि सामने दिव्यांच्या उजेडात. तिचा एकही सामना त्यांनी चुकवला नव्हता आणि एकही पाहिला नव्हता. बायकोच्या शेजारी बसून ते नुसते ऐकायचे. दिवसा कधी सामना झालाच, तर नऊ-नऊ पोरींच्या त्या धावपळीत आपली पोर नळीत सापडायची आणि सापडेपर्यंत निघून जायची. आता तिला नागपूरला नोकरी लागली होती. हिवाळ्यातली एक स्पर्धा खेळून ती जाणार होती आणि खेळ सुटणार होता. त्याआधी तिचा खेळतानाचा एक फोटो त्यांना हवा होता. एक, पण नीट. घरी दिवसाउजेडी मोठा करून, हवा तितका वेळ बघता येईल असा. नळी पुरती बंद व्हायच्या आत.

म्हणून ते अंधारात काय, अंधारात काय करत होते. दुकानदारांना ते कुठून कळणार!

मोबाइल झाला होता करून. त्यांच्या बायकोने मोबाइलवर काढलेल्या फोटोंत मुलीच्या जागी एक पांढरा फराटा होता, भिंतीवर ओला हात फिरवल्यासारखा. त्यामुळे आम्ही जेवणाच्या सुट्टीत डबा दहा मिनिटांत संपवून बुधवारात जायला लागलो. कॅमेरा स्वस्तातला हवा, अंधारात चालणारा हवा आणि पळणाऱ्या माणसाला पकडणारा हवा. या तिन्ही गोष्टी एकत्र ऐकल्या की दुकानदार आधी हसत आणि मग चहाला जात. पळणारं माणूस म्हणून हे मला दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायला लावायचे. साडी, दुखरा गुडघा आणि पन्नाशीचं वय घेऊन मी पळायची. "जरा जोरात, मॅडम!" गिऱ्हाइकं बाजूला होऊन वाट द्यायची. आता आठवलं की हसू येतं, तेव्हा मात्र मी त्यांना मनातल्या मनात पुष्कळ नावं ठेवली.

एका दुकानात एक लांब नाकाचा कॅमेरा होता. "काका, यातून चंद्रावरचे खड्डे दिसतात," विक्रेता म्हणाला.

"चंद्र पळत नाही," हे म्हणाले.

एवढं चोख उत्तर देणाऱ्या माणसाने आठवड्याभरात तोच कॅमेरा विकत घ्यावा, याला काय म्हणायचं? स्पर्धा जवळ येत होती, धीर सुटला होता, घरून "घ्या बाई एकदाचा" झालं होतं. सरावाला नेला, तर फोटोत काळोख आणि काळोखात दोन दिवे. जितकं लांबचं जवळ ओढावं तितका उजेड आणखी कमी होतो, हे त्यांना घेतल्यावर समजलं. दुकानात पाटी होतीच, विकलेला माल कोणत्याही कारणास्तव परत घेतला जाणार नाही. हे भांडले नाहीत. रोज दुपारी जाऊन काउंटरपाशी नुसते येरझाऱ्या घालायला लागले. येणाऱ्या गिऱ्हाइकाला विचारायचे, "अंधारासाठी घेताय का?" शेवटी मालक म्हणाला, "उद्यापासून येणार नसाल, तर परत घेतो." पुण्यात पाटीचा पराभव झालेला मी तो एकदाच पाहिला.

अखेर मार्ग निघाला तो आमच्याच गल्लीतल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडे. बाई होत्या, तोंडाने फटकळ. नवा कॅमेरा घेतल्यामुळे जुना काढून टाकायचा होता त्यांना. त्यांनी ऐकून घेतलं आणि तो जुना कॅमेरा आणि एक आखूड, बुटकी लेन्स पुढे ठेवली.

"ही घ्या. हिचं तोंड मोठं आहे, उजेड भरपूर घेते. शटरचा वेग पाचशेच्या खाली आणायचा नाही, आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची ताकद, लागेल तेवढी चढवायची. फोटोत दाणे येतील, येऊ देत. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही."

यांचा पाय हलायचा थांबला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं.

"फक्त ही लांबचं जवळ आणत नाही," बाई म्हणाल्या. "जवळ जायचं ते तुम्ही. खेळाबरोबर मैदानाच्या कडेने फिरायचं."

मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. दिवे लागल्यावर स्वतःच्या चपला न सापडणारा माणूस मैदानाच्या कडेने काय फिरणार! बायकोने किंवा मी फोटो काढावा, असं मी सुचवून पाहिलं. ते एकदम तुटक म्हणाले, "नाही. मी काढणार." त्यात समजावण्यासारखं काही नव्हतं. दोन दिवस ते ऑफिसात नुसते खिडकी ते कपाट, कपाट ते खिडकी. तिसऱ्या दिवशी मी आल्या आल्या तेच मला म्हणाले, "खांब तर पळत नाही ना?"

खो-खोच्या मैदानाच्या दोन टोकांना दोन खांब असतात. पाठलाग करणारी मुलगी खांबाशी येते आणि एका हाताने तो धरून पलीकडच्या पोरीवर सूर मारते. त्यांची मुलगी त्यात वाकबगार होती. म्हणजे आपण फिरायचं नाही. खांबामागे, रेषेच्या बाहेर खुर्ची टाकून बसायचं. फोकस आधीच खांबावर लावून ठेवायचा आणि पुन्हा हात लावायचा नाही. राहिलं बटण कधी दाबायचं ते. "ते मला ऐकू येतं," ते म्हणाले. "इतकी वर्षं दुसरं केलंय काय?"

मग ऑफिसात त्यांचा सराव सुरू झाला. डोळे मिटून बसायचं आणि आमचा शिपाई शिक्का मारायला हात उचलील, त्याच्या बाहीच्या आवाजावर बटण दाबायचं. शिक्का टेकायच्या आत फोटो निघायला हवा. "साहेब, एवढे फोटो काढले माझे, एकात पण तोंड नाय," शिपाई कुरकुरला. तो हवेली तालुक्यातला, तोंडावर बोलणारा. पण पुढे पुढे तोच शिक्का मारताना मुद्दाम चकवायला लागला, म्हणजे साहेबांची तयारी पक्की व्हावी.

स्पर्धेला मी गेले होते. संयोजकांना सांगून खांबामागे त्यांची खुर्ची टाकली होती, शेजारी मी. दिवे पिवळट, त्यातला एक मिचमिचणारा. पोरी सुसाट धावत होत्या, मला दिसत असूनही कोण कुठे कळत नव्हतं. हे मान एका बाजूला कलती करून बसले होते. मी सांगायला लागले, तर म्हणाले, "बोलू नका." खो मिळून मुलगी उठली की तिची पावलं त्यांना ओळखू यायची. "आता आली," ते पुटपुटायचे आणि खरंच ती खांबाकडे धावत यायची. ते तिच्या पावलांच्या आवाजाबरोबर श्वास रोखायचे आणि बटण दाबायचे. एका सुराला ती पोर थेट आमच्या पुढ्यात येऊन आदळली. आमच्या अंगावर माती उडाली. "बाबा, पाय घ्या ना मागे!" असं ओरडून ती उठून पळालीसुद्धा. सामना मुलीचा संघ हरला. यांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. आता ते सांगलीला भावाकडे राहतात. उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं, असं त्यांच्या बायकोने फोनवर सांगितलं. त्यांच्या टेबलावर आलेले गृहस्थ दिवसभर जागचे हलत नाहीत आणि मला त्याचा फार त्रास होतो. ते आठवतात मला नेहमी, पण येरझाऱ्या घालताना नाही. सामन्यानंतरच्या सोमवारी सकाळी ते माझ्या संगणकासमोर होते, ते आठवतात.

मी एकेक फोटो उघडत होते. नुसता खांब. पंचांची पँट. कुणाचा तरी अर्धा पाय. पुन्हा खांब. आणि मग तो फोटो आला. मी उठून खुर्ची त्यांना दिली.

ते नाक पडद्याला लागेल इतके पुढे झाले आणि तुकड्या तुकड्याने बघायला लागले. "हा हात. हा खांब. दोन्ही पाय हवेत आहेत, बघितलंत?" नजर सरकत सरकत चेहऱ्यापाशी आली आणि तिथेच राहिली.

"ओरडतेय का ही?"

"नाही हो. हसतेय."

त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि घरी फोन लावला. "अगं, ही खेळताना हसते?"

पलीकडचा आवाज मलाही स्पष्ट ऐकू आला. "हसते म्हणजे! लहानपणापासून. कुणाला पकडायला धावली की हसतच सुटते. सर ओरडायचे ना तिला त्यावरून. का हो? काय झालं?"

"काही नाही," ते म्हणाले. "येताना भाजी काय आणू?"

त्यांनी फोन ठेवला. त्यांचे डोळे भरले होते आणि माझेही. इतक्या वर्षांत त्यांना कुणी हे सांगितलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे, असं कुणाला वाटलंच नव्हतं.

"चेहरा मोठा करता येईल?"

मी केला. कडा फुटायला लागल्या, गालांवर दाणे दिसायला लागले.

"अजून," ते म्हणाले.