अंगठा कुणी ओढला?

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. इतकी वर्षं स्टाफ नर्स म्हणून काढली, कितीतरी माणसं डोळ्यांदेखत गेली, त्यातलं कुणी परत भेटायला आलं नाही. नव्या नर्स पोरी वॉर्डातल्या कोपऱ्यातल्या खाटेच्या गोष्टी सांगायला लागल्या की मीच ओरडायचे — "भुतं नंतर, आधी ट्रे लावा!" तरीही हे लिहितेय...

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचा उन्हाळा. आंबेगाव तालुक्यातला एक छोटा दवाखाना, नाव नको. एक सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर, म्हणून माझी सलग आठवी नाइट. रात्रभर जागायचं आणि दिवसा पत्र्याच्या खोलीत झोप येत नाही म्हणून रडायचं. दोन तास डोळा लागला तरी नशीब!

मला सांभाळलं ते वॉर्डातल्या आयाबाईंनी. हौसामावशी, लांब डोंगरातल्या आहुपे गावच्या. जरा उसंत मिळाली की म्हणायच्या, "शिष्टर, पडा धा मिनटं. मी हाय ना हितं." उठवताना मात्र हाक मारायच्या नाहीत, पायाचा अंगठा हळूच ओढायच्या. "दमल्या मान्साला हाक मारली का काळीज दचाकतं," हे त्यांचं शास्त्र. माझ्या सख्ख्या आईनं मला इतक्या मायेनं कधी उठवलं नाही. ती पांघरूणच ओढायची!

त्या आठवड्यात मावशी भाचीच्या लग्नाला आहुप्याला गेल्या होत्या.

त्या आठव्या नाइटनंतर सकाळी सातच्या सुमारास पायाला जखम झालेली, तापानं फणफणलेली एक बाई आली. नवऱ्याच्या कडेवर आठ महिन्यांची मुलगी. तो म्हणाला, "शिष्टर, हिला मागं पेनिशिलीन बाधलं व्हतं. मरता मरता वाचली." "लिहिते हं," म्हटलं, आणि तेवढ्यात एक अडलेली बाई आली म्हणून धावले. आठ वाजता सुनंदा सिस्टरला ओव्हर दिली, म्हणजे प्रत्येक पेशंटचं सगळं सांगून ड्युटी सोपवली. त्या बाईची जखम सांगितली, ताप सांगितला. पेनिसिलिनचं राहिलं... केसपेपरवरही लिहिलं नाही. खोलीवर आले, आतून कडी लावली आणि आडवी झाले.

कधी नव्हे ते गाढ झोप लागली. आणि कुणीतरी अंगठा ओढला.

"मावशी, दोनच मिनिटं," मी डोळे मिटूनच म्हणाले. पुन्हा ओढला. तीच खरखरीत बोटं. "शिष्टर, वव्हर राह्यली."

उठून बसले. खोलीत कुणी नाही, कडी आतून तशीच. बारा वाजायला आले होते. आणि एकदम लख्ख आठवलं.

अनवाणीच पळत सुटले. सुनंदा त्या बाईच्या खाटेशी उभी, हातात पेनिसिलिनच्या टेस्ट डोसची सिरिंज. तेवढ्यानंही माणूस जातो, आम्ही पाहिलंय. बाई ग्लानीत, नवरा मुलीसाठी दूध आणायला गेलेला, मग सांगणार कोण? "थांब गं सुनंदा!" मी इतक्या जोरात ओरडले की तिच्या हातातून सिरिंजच पडली. डॉक्टरांनी औषध बदललं. मी सगळ्यांसमोर चूक कबूल केली आणि तिथेच ढसाढसा रडले.

चार दिवसांनी मावशी आल्या. मी विचारलंच, "त्या दिवशी दुपारी तुम्ही कुठे होता?"

"कुठं म्हंजी? मांडवात. रातभर भाकरी थापल्या, मंग जी पडले ती मेल्यावानी झोपले." त्या हसल्या. मग म्हणाल्या, "झोपंत कुनाचा तरी पाय हाताला लागला व्हता बगा. म्हनलं, भाचीचा आसंल."

आमचे हे म्हणतात, तुझ्याच मनाला चूक आठवली, बाकी सगळा झोपेचा खेळ. असेलही. मग मावशींच्या हाताला लागलेला तो पाय?

ती बाई बरी होऊन घरी निघाली तेव्हा लेकीला माझ्या पुढ्यात धरून म्हणाली, "शिष्टर, तुमच्यामुळं हिची आई हाय." माझ्याच्यानं तिच्याकडे बघवेना. पोर घेतली आणि शेजारी बसलेल्या मावशींच्या मांडीवर दिली.

"आता मला कशापायी?" असं म्हणत मावशींनी तिला छातीशी धरलं.