शेकलेली गिटार

"लाकूड हाय ते, कातडं न्हाई. तुमच्या जातीला शेकण्याबिगर कळतंय काय?"

चेअरमनच्या पोरानं समद्या लोकांपुढं माझ्या हातातली गिटार हिसकली. साखर कारखान्याच्या बॉयलरपूजेचा दिवस. बाप हलगी वाजवायला आलता, गेटजवळ पाचटाच्या जाळावर हलगी शेकत बसलता. शेकली की हलगी खणखणते. मंचाला टेकवून ठेवलेली त्याची गिटार मला लई आवडली. वाटलं, शेकली तर हिचा बी आवाज खुलंल. चांगलंच करायला गेलते. जाळावर धरली, तर तारा बांधलेली पट्टी सुटली.

पट्टी हातानं दाबून धरत तो मला म्हणला, बार कॉर्ड धरून दाखव. एका आडव्या बोटानं सहाही तारा. मी दाबल्या. नुसती खरखर. मंडपभर हशा. बाप बी हसला, हात जोडून. ते लई झोंबलं. मग त्यानं गिटार आमच्या पुढ्यात फेकली. मोडकं तुमालाच लागतं म्हणला.

दुष्काळानं ऊस वाळलाच होता. कारखाना लगेच थंड झाला, ऊसतोड बंद, आमी गावातच. टँकरच्या रांगेत घागर ठेवायची आन् गिटार घेऊन बसायचं. पट्टी सुताराकडच्या सरसानं चिकटवली. बोट सपाट ठेवलं की पेराच्या खाचेत तार मुकी. त्यात कोयत्याचा जुना वार. बोट जरा कुशीवर कलवलं, कोपर पोटाशी घेतलं. सुजायचं. सुजलं की त्याचं हसणं आठवायचं, आन् मी आणखी दाबायचे. एक दिवस सहाही तारा साफ बोलल्या. मी रडले न्हाई. त्याचं नाव घेऊन थुकले.

पुढं पाऊस झाला, ऊस आला, बॉयलरपूजा आली. हलगीबिगर बॉयलरला अग्नी द्यायचा न्हाई, अशी तिथली रीत. तोच चेअरमनचा पोरगा जीप घेऊन दारात. बाप खुंटीवरची हलगी काढायला उठला. मी आडवी आले.

"आमची हलगी येणार न्हाई."

"कावून?"

मी गिटार घेतली, बार धरला, त्याच्या तोंडापुढं वाजवला. त्याचं तोंड पडलं. मला लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. बापानं हलगीकडं नेलेला हात मागं घेतला. हात जोडले न्हाईत.

त्या साली रीत मोडून, हलगीबिगर बॉयलर मुका पेटला. आमाला तोडीला घेतलं न्हाई, दूरच्या कारखान्याला जावं लागलं. लोक म्हणतेत, जुनं झालं, सोड आता. कावून सोडू? त्याच मंचावर मी ही शेकलेली गिटार वाजवीन, आन् त्याला खाली पाचटात बसून ऐकावं लागंल. तवर त्यांचा बॉयलर मुकाच पेटंल.