आमच्या साडूंचा डायनामो

माझ्या मोठ्या साडूंना ठाऊक नाही असं काही निदान चिखली तालुक्यात तरी घडत नसावं. धान्याच्या लिलावात बोली पुकारण्यात त्यांची हयात गेली. त्यामुळे कुठलंही मत ते शेवटची बोली असल्यासारखं मांडतात आणि समोरच्याला तोंड उघडायला जागा ठेवत नाहीत. सोयाबीनवरची अळी असो की चंद्रावरचं पाणी, त्यांचा शब्द अखेरचा.

मागच्या वर्षी त्यांचे थोरले भाऊ गेले. तेराव्यापर्यंतचं सगळं साडूंनीच पाहिलं, वरणात मीठ कमी पडलं म्हणून आचाऱ्यालाही सुनावलं. डोळ्याला पाणी मात्र नाही. पुढे त्यांचा घास गळ्यात अडकू लागला. भाकरी सुटली, मग भात सुटला, शेवटी ताकावर आले. सदरे खांद्यावरून लोंबू लागले, तशी आक्कांची, म्हणजे माझ्या मेहुणीची, झोप उडाली. दुर्बीण घालून झाली, फोटो काढून झाले. गळ्यात काहीच नव्हतं. अखेर डॉक्टरांनीच बुलढाण्याच्या एका मॅडमांकडे पाठवलं. त्या बोलण्यातून उपचार करतात, त्याला सायकोडायनॅमिक थेरपी म्हणतात, असं मी साडूंना सांगितलं. त्यांनी त्यातला 'डायनामो' तेवढा उचलला आणि सायकलीच्या चाकाला लावतात तसा तो डोक्याला लावत असणार, असं ठरवून केस बारीक कापून आले.

बाकीची माहितीही त्यांच्याकडे तयार होती. तिथं आडवं व्हावं लागतं. परक्याच्या उशीवर डोकं टेकायला नको म्हणून एसटीत ते घरची उशी मांडीवर घेऊन बसले. मॅडम मोहिनी घालतात. म्हणून घड्याळ आणि अंगठी माझ्या खिशात. स्वप्नं विचारतात, साडूंना ती पडत नाहीत, म्हणून गल्लीतून दोन चांगली मागून आणली होती. विहिरीत हत्ती पोहतोय, हे त्यातलं एक शेजारच्या टेलरचं. आणि शेवटी सगळा दोष आईवर टाकतात, हे तर जगजाहीर. दारातच त्यांनी मॅडमना बजावलं, "माह्या मायले मधात आणाचं नाई."

मॅडमनी त्यांना साधी खुर्ची दिली. आतली गोष्ट त्या बाहेर काढत नाहीत; साडूंनी मात्र परतीच्या प्रवासात ती अख्ख्या गाडीला ऐकवली. हत्तीचं स्वप्न ऐकून मॅडमनी, हे तुम्हाला पडलं का, एवढंच विचारलं आणि साडूंनी टेलरचं नाव सांगून टाकलं. आईचा विषय मॅडमनी काढलाच नाही, हे सांगताना साडू जरा नाराजच दिसले. हे जन्मभर चालणार, असाही त्यांचा हिशेब होता. मॅडम म्हणाल्या, आठवड्यातून एकदा या, काही महिन्यांनी पुढचं दोघं मिळून ठरवू.

सोबतीला मी जात असे. बरेच आठवडे साडू मैदान मारल्यासारखे बाहेर येत. मग एकदा गुपचूप आले आणि स्टँडवर पोचेपर्यंत बोलले नाहीत. मी भीत भीत विचारलं. मॅडम म्हणाल्या होत्या, "इतक्या दिवसांत तुम्ही मला एकही वाक्य पुरं करू दिलं नाही. घरीही असंच होतं का?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"मले थांब म्हणणारा एकच होता, साडूबुवा," ते म्हणाले. "तो तं गेला."

त्यानंतर चटकन बरं वाटलं असं मुळीच नाही. साडू चिडले, दोन खेपा बुडवल्या, त्या बाईंना काही येत नाही असं बाजारभर सांगत फिरले आणि पुन्हा गेले. ताकावरून भातावर यायलाच कितीतरी आठवडे लागले.

गेल्या महिन्यात साडू आणि आक्का आमच्याकडे जेवायला होते. कुणी विषय काढला नसताना साडू भावाबद्दल बोलू लागले. पावसाळ्यात नाला भरला की भाऊ त्यांना खांद्यावर बसवून शाळेत न्यायचा आणि वर बसून बडबड केली की पाण्यात सोडायची धमकी द्यायचा. सांगताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हात भाकरी मोडत होता आणि एकेक घास खाली उतरत होता. त्यांचं त्यांना ते कळतही नसावं. आक्कांनी आणखी अर्धी भाकरी हळूच त्यांच्या ताटात ठेवली.