बोटाएवढी उघडी जागा

गाडी गतिरोधकावरून गेली की पुढच्या चाकाच्या वर खट्ट असा आवाज येतो. मेकॅनिक बॉनेट उघडतो, हात लावून बघतो आणि म्हणतो, "वरचं माउंटिंग गेलं." लोक रस्त्यांना शिव्या घालतात. रस्ते त्याच लायकीचे आहेत. पण मी वाळूजच्या एका कारखान्यात कित्येक वर्षं ही माउंटिंगं बनवून घेतली आहेत, आणि तो आवाज ऐकला की शिवी मला माझ्या नावानं घालावीशी वाटते.

वस्तू साधी आहे. एक पोलादी चकती, तिला धरून जाड रबर आणि स्टिअरिंगबरोबर फिरायला एक बेअरिंग. शॉकॲब्सॉर्बरचा दणका गाडीच्या पत्र्यापर्यंत पोचू द्यायचा नाही, एवढंच तिचं काम. खड्डे, ऊन आणि इंजिनाची धग सोसून रबर कडक होतं, भेगाळतं. ते वयानं जाणं झालं. अकाली जातं ते रबरानं लोखंडाला नीट धरलेलं नसतं म्हणून. त्यामुळं चकती धुऊन आली की तिला उघडा हात लावायचा नाही असा नियम. बोटाचं तेल लागलं तर चिकटवायचं रसायन तिथं पकडत नाही.

ते रसायन लावायला मामा होते. पैठणकडच्या मेंढपाळ घरातले, माझ्या वडिलांच्या वयाचे, ठेकेदाराकडून आलेले. कायम करायच्या यादीत त्या वर्षी त्यांचं नाव पहिल्यांदा लागलं होतं. मी त्यांचा सुपरवायझर.

खंडेनवमीला यंत्रं पुजली. पूजेचा मान माझा. कुंकू झडू नये म्हणून मी ते खोबरेल तेलात कालवलं. यंत्रांना लावून उरलं, तेव्हा भक्तीच्या भरात शेजारच्या ट्रेमधल्या धुतलेल्या चकत्यांनाही एकेक बोट लावत गेलो. दसऱ्यानंतर मीच त्या कोरड्या फडक्यानं पुसल्या आणि मामांपुढं सरकवल्या. लाल रंग गेला म्हणजे सगळं गेलं, असं मला वाटलं. डिप्लोमा झालेला माणूस मी.

तपासणीसाठी उचललेल्या नमुन्यांत त्या ट्रेमधला एकही नग आला नाही. काही महिन्यांनी माल परत आला. रबर सुटलं होतं आणि प्रत्येक चकतीवर बोटाएवढी गोल जागा चकाकत होती.

"कुणीतरी उघड्या हातानं काम केलंय," मॅनेजर म्हणाले आणि त्यांनी मामांकडं पाहिलं.

मला तेव्हाच सगळं कळलं होतं. मी गप्प बसलो. भ्यालो, दुसरं काही कारण नाही.

मामांनी आपले तळवे उलटसुलट करून पाहिले. "माझाच हात असंल, साहेब. हातमोजं घालतो मी, पण सारा जन्म मेंढरांत गेला. लोकरीचं तेल हाडात मुरलंय, ते काय सुटतंय व्हय?"

यादीतून नाव गेलं, आठवड्याभरात कामही गेलं.

ते हर्सूलला एका सोसायटीत वॉचमन आहेत असं गेल्या वर्षी कळलं. सांगून टाकायचं, असं ठरवूनच मी गेलो. मला बघून त्यांना आनंद झाला, याचाच मला राग आला. तेवढ्यात त्यांची नात हात पसरून धावत आली. मामांनी तिला लांबच थांबवलं, नळाशी गेले, साबणानं कोपरापर्यंत हात घासले, पुसले आणि मग तिला उचललं. त्यांच्या हातांची साल निघाली होती.

"सवय लागली," ते म्हणाले. "हातचं तेल लेकराला लागाया नको." मग चहा माझ्यापुढं सरकवत म्हणाले, "सारे मला बोलले त्या दिवशी. तुमी एकटे काय बोलला नाय. त्ये लई लक्षात हाय माझ्या."

मी चहा संपवला, येतो म्हणालो आणि निघालो.