पारदर्शक कागदाची सावली

६ फेब्रुवारी २०२३ रोजी मी कल्पिता आक्रे हिच्या हातात ७,४४० रुपये ठेवले. डहाणूच्या ज्या महाविद्यालयात मी हिशेब सांभाळतो, तिथे वनस्पतिशास्त्राच्या दक्षा मॅडमनी हिरव्या समुद्री शेवाळावर एक प्रकल्प घेतला होता. जवळच्या चिखले गावच्या खडकांवर मांडलेल्या चौकटींची राखण कल्पिता करत असे. हा तिचा जानेवारीचा मेहनताना. नोटा मोजताना तिने त्या अगदी नाकाजवळ धरल्या.

"भाऊसाहेब, खोटी नोट दिलीत तरी मला दिसायची नाही," ती म्हणाली. "पण मग पाप तुमच्या डोक्यावर."

ती तेव्हा सव्वीस वर्षांची होती. तिच्या कातडीत जन्मापासूनच रंग नव्हता. केस, भुवया, पापण्या सगळं वाळल्या गवतासारखं फिकट. उन्हात डोळे मिटायचे आणि सावलीत सारखे थरथरायचे. गावात तिला फॉरेनर म्हणत. बंदरावरची रखमी तिला हमखास डिवचायची, "काय गो फॉरेनर, तुझ्या देशात बोंबील मिळत नाहीत काय?"

"मिळतात ना," कल्पिता म्हणायची, "पण तुझ्या पाटीतल्यासारखे म्हातारे नसतात."

घरी आई तानी आणि धाकटा भाऊ नितीन. नितीन दुसऱ्याच्या बोटीवर जाई, मायलेकी मासळी सुकवत. मासळी सुकवायची म्हणजे उन्हाशी संसार, आणि या मुलीला ऊनच वर्ज्य. लहानपणी तिला शाळेत पोचवताना तानी नेहमी उन्हाच्या बाजूने चालायची, म्हणजे आईची सावली लेकीवर पडे. मोठी झाल्यावर कल्पिता पहाटे आणि तिन्हीसांजेला काम करू लागली. दुपारी ती घरात बसे आणि बाहेर बांबूच्या वलांडींवर टांगलेल्या बोंबलांवर कावळे तुटून पडत.

तिच्या उजव्या कानाच्या कडेला एक खपली होती. ती पडायची आणि पुन्हा धरायची. दक्षा मॅडमच्या ते लक्षात आलं आणि त्या स्वतः तिला आणि तानीला घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी भिंग लावून पाहिलं. "अजून हाताबाहेर गेलेलं नाही," ते म्हणाले. "कान आणि मान कायम झाकायची, ऊन टाळायचं आणि दर तीन महिन्यांनी मला दाखवायचं. कंटाळा केलात तर हे आत जाईल."

"आत म्हणजे कुठे?" तानीने विचारलं.

"आधी मानेत. तिथून मग कुठेही."

त्याच महिन्यात प्रकल्पाचं एक बिल माझ्याकडे आलं. पारदर्शक प्लास्टिकच्या कागदाचे दोन प्रकार घेतले होते आणि एकाचा भाव दुसऱ्याच्या सहापट होता. दोन्ही तुकडे मी खिडकीशी धरून पाहिले. काडीचाही फरक दिसेना. मी बिल अडवलं. दक्षा मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "चला, खडकावरच दाखवते."

अष्टमीच्या आसपासचे दिवस होते. तेव्हा पाणी फार आत जात नाही, पण ओहोटी भर दुपारी येते आणि वरच्या खडकांवरचं शेवाळ दोन-तीन तास उघडं पडतं. कल्पिता डोक्यापासून मनगटापर्यंत गुंडाळून, चौकटींशेजारी छोट्या तंबूत बसली होती. मॅडमनी आधी स्वस्त कागदाची चौकट उचलली. खाली शेवाळाचा वरचा थर पांढरा पडला होता, भिजलेल्या टिश्यू पेपरसारखा. महाग कागदाखालचं शेवाळ मात्र पोपटी होतं.

"डोळ्यांना दिसतो तो उजेड दोन्ही कागदांतून सारखाच जातो," मॅडम म्हणाल्या. "पण उन्हात अतिनील किरणही असतात. ते दिसत नाहीत आणि त्यांचा चटकाही लागत नाही. महाग कागद तेवढे अडवतो."

"मग उघड्यावरचं शेवाळ मरत कसं नाही?" मी विचारलं.

मॅडमनी बोटाने तो पांढरा थर बाजूला केला. खाली दुसरा थर होता, फिकट हिरवा, आणि त्याच्याही खाली गडद हिरवा, ओला, तजेलदार. वरचं पान ऊन खातं आणि खालच्याला वाचवतं, त्या म्हणाल्या. काही लाल शेवाळांच्या अंगातच किरण शोषणारी द्रव्यं भरपूर असतात, या हिरव्याकडे ती जवळजवळ नाहीत. म्हणून ते मार खातं आणि दुरुस्ती करतं. भर दुपारी अन्न तयार करण्याचं काम मंदावतं, ऊन उतरलं की पुन्हा वेग धरतं. किरणांनी पेशीतल्या गुणसूत्रांत केलेली मोडतोडही ते सांधत राहतं आणि त्या सांधण्याला उजेडच कामी येतो. मोडतोड दुरुस्तीपुढे गेली, की मात्र पान पांढरं पडतं.

मी बिल मंजूर केलं. कल्पिता तंबूतून ऐकत होती.

"मॅडम, हा कागद माणसाला चालतो का?"

"चालेल की," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या चौकटीकडे वळल्या.

महाग कागद दर काही आठवड्यांनी बदलला जाई. उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने त्याचा गुण उतरतो, हे त्याचं कारण. ते कल्पिताला कोणी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. तिला वाटलं, मीठ बसतं म्हणून बदलत असतील. मॅडम "हे टाकून दे" म्हणाल्या, की ती "हो" म्हणायची. पण धडधाकट वस्तू टाकायची रीत मासळीवाल्यांच्या घरात नाही. फाटकं जाळं परसातल्या वांग्यांना कुंपण होतं, जाळ्याचा फुटका फ्लोट बसायला होतो. हा कागद तर काचेसारखा स्वच्छ होता, कुठे भोक नाही की चीर नाही. कल्पिताने तो गोड्या पाण्याने धुऊन, घडी करून माळ्यावर ठेवला. एप्रिलमध्ये प्रकल्प संपला.

ऑक्टोबरात बोंबलांचा हंगाम सुरू झाल्यावर नितीनने वलांडींच्या मधोमध चार बांबू रोवले आणि वर व तिन्ही बाजूंनी तो कागद ताणून बांधला. डिसेंबरात मी प्रकल्पाच्या शेवटच्या पावतीवर तिची सही घ्यायला गेलो, तेव्हा ती भर दुपारी आत बसली होती. समुद्र समोर, हातात कावळे हाकायची लांब काठी. डोक्यावर ओढणी नव्हती, केस वर बांधलेले.

"या भाऊसाहेब, माझ्या बंगल्यात या. एसी आहे, बघा कसा वारा येतोय!"

"ओढणी कुठे गेली?"

"उकडतं तिच्यात. आणि आता ऊन लागतंय कुणाला? दक्षाबेनचा कागद आहे."

तानी बाजूलाच बोंबील जोडीजोडीने अडकवत होती. यंदा कावळ्यांनी एकही माळ नेली नाही, असं तिने मोठ्या समाधानाने सांगितलं. सव्वीस वर्षांत ही मुलगी प्रथमच दुपारची बाहेर बसली होती. डॉक्टरांकडे शेवटचं कधी गेलात, असं मी विचारलं, तर कल्पिता म्हणाली, "दाखवायचं काय? ऊनच नाही तर रोग कसला?" बोलताना ती उजवा कान खांद्यावर घासत होती. वारा गार होता. आमच्या किनाऱ्यावर ऊन चटक्यावरून मोजतात आणि त्या दिवशी चटका अजिबात नव्हता.

फेब्रुवारीत दक्षा मॅडम तिकडे गेल्या. तिथे काय झालं ते मला पुढे तानीने सांगितलं. मॅडम कागदाखाली शिरल्या आणि बोलता बोलता थांबल्या.

"हा कुठून आणलास?"

"तुमचाच. तुम्ही टाकलेला."

मॅडमनी कागदाची कड हातात घेतली. "कल्पिता, मी तो संपला म्हणून टाकला होता गं. आता तो काही अडवत नाही."

"काहीतरीच काय! एक डाग नाही त्याला."

"डागावरून कळत नाही ते. कान बघू तुझा."

कल्पिताने कान दाखवला नाही. ती तडक खडकावर गेली, बादलीभर शेवाळ घेऊन आली आणि घमेल्यात समुद्राचं पाणी घालून तिने ते आपल्या बसायच्या जागी पसरलं. अर्ध्या घमेल्यावर गोणपाट टाकलं, अर्धं तसंच ठेवलं. "हे काय सांगतं ते बघू," ती म्हणाली, "मग कान." मॅडमनी हात जोडले, तानी रडली. कल्पिता ऐकेना. पण त्या दिवसापासून कागदाखाली बसली नाही. दारात ओढणी गुंडाळून उभी राही आणि लांबून घमेल्याकडे बघे.

पाचव्या दिवशी तिने गोणपाट उचललं. झाकलेलं शेवाळ हिरवं होतं. उघडं पांढरं पडलं होतं. तिने नखाने पांढरं पान सोलून बाजूला केलं आणि खालचं हिरवं बराच वेळ चाचपलं.

"आये," ती म्हणाली, "याच्या खाली दुसरं पान आहे."

मग तिने केस मागे घेतले. कानाच्या कडेला करवंदाएवढी गाठ होती. गाठीचं तोंड फुटलं होतं आणि ते मिटत नव्हतं.

मार्चमध्ये मुंबईच्या रुग्णालयात तिचा अर्धा कान काढला. हे एका हंगामाचं नाही, जन्मभराच्या उन्हाचं आहे, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. पण वर्षापूर्वी ते चिमटीएवढंच असणार, हेही सांगितलं. एप्रिलअखेर मानेत दुसरी गाठ लागली आणि डॉक्टरांनी किरणोपचार सांगितले. मी भेटायला गेलो तेव्हा ती आतल्या खोलीत जवळा निवडत बसली होती. खिडकीला गोधडी लावलेली. अंगणातला कागद नितीनने फाडून जाळला होता. बांबू तसेच उभे होते आणि वलांडींवर कावळे बसले होते.

"मला आता लाईट देणार म्हणे, भाऊसाहेब," ती म्हणाली. "जन्मभर उजेडापासून पळाले, आणि आता मुंबईला जाऊन उजेड घ्यायचा. सांगा आता!"

मी हसलो नाही. तीच हसली. तानीने मला डोळ्यांनी खुणावलं आणि आम्ही बाहेर आलो. "मान बघितलीत?" ती हळू आवाजात म्हणाली. "रोज वाढते."

८ मे २०२४ रोजी मायलेकी मुंबईला गेल्या. गाडीच्या आधी डहाणू रोडला एका दुकानात तानीने जाड कापडाची काळी छत्री घेतली. किंमत साडेतीनशे रुपये होती. तिने तीनशे दिले आणि बाकीचे परत आल्यावर देते म्हणाली. जून संपत आला आहे आणि त्या दोघी अजून मुंबईतच आहेत. नितीन फोनवर एवढंच सांगतो, की लाईट थांबवली आहे.

छत्रीचे पन्नास रुपये द्यायचे आहेत.