शेजारच्या खाटेवरची मावशी

पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर अंबरनाथच्या हॉस्पिटलात माझ्या शेजारच्या खाटेवर चामटोली गावची एक मावशी होती. तिचंही पोटाचंच ऑपरेशन झालेलं. दोघींच्या हाताला वेदना कमी करणाऱ्या औषधाचा पंप जोडला होता. दुखलं की आपणच बटण दाबायचं. पंप ठरल्यापेक्षा जास्त औषध देत नाही, असं नर्सने सांगूनही मी सवय लागेल या भीतीने दाबत नव्हते. शिवाय सोशीक म्हणून घरात माझं कौतुक होतं. दुखेल म्हणून मी खोकतही नव्हते. छातीत कफ साठत चालला होता.

मावशी मात्र बटण दाबून थोडी थांबायची, अंबाडा बांधायची आणि नर्सचा हात धरून दारापर्यंत जाऊन यायची. एकदा तिचा नवरा प्रेमाने बटण दाबायला गेला, तर त्याच्या हातावर चापट मारून म्हणाली, "दुखतंय मना, तू कशाला दाबतस?"

दुसऱ्या दिवशी मला दात आवळून रडताना पाहून ती म्हणाली, "गो बाय, सोसल्याचं कोन बक्षीस देनार हाय तुला?"

मला हसू फुटलं, आणि टाके असे दुखले की मी बटण दाबलंच. थोड्या वेळाने पोटाशी उशी धरून पहिल्यांदा मोकळी खोकले. मावशीने पलीकडून टाळ्या वाजवल्या.